बाहेरची लाकडी खुर्ची दरवर्षी खिळखिळी का होते, आणि स्क्रू आवळून ती का सुधारत नाही

लक्षणं ओळखीची असतील. फळ्या आणल्या, कापल्या, घासल्या आणि बाहेर ठेवायला स्वतःच्या हातांनी खुर्ची केली. पहिले काही महिने ती जागची हलत नाही. मग ओले दिवस येतात, त्यामागून कोरडी हवा येते, आणि पाठीला टेकलं की करकर ऐकू येऊ लागते. स्क्रू आवळले की आवाज थांबतो. काही आठवड्यांनी परत येतो. मग लांब स्क्रू, मग जाड स्क्रू, मग कोपऱ्यात लोखंडी एल पट्टी. पुढच्या वर्षी पट्टीसकट खुर्ची हलते.

हे एकदाच झालं असेल तर स्क्रू आवळून विषय सोडून द्यायला हरकत नाही. पण दरवर्षी होत असेल तर आवळणं हा उपाय नव्हेच. बहुतेक वेळा सांधा बिघडवण्याचं काम तेच करत असतं. म्हणून हातातला पाना खाली ठेवा आणि आधी नेमकं काय हलतंय ते शोधा.

सांधा हलतोय की पाय आखूड आहे?

खुर्ची सपाट, कडक जमिनीवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहा. जमिनीचा उंचसखलपणा फसवतो, म्हणून खुर्ची थोडी वळवून पुन्हा दाबा. रिकामी असताना दोन पायांवर डुगडुगते, पण कुठेही करकर नाही आणि कोणतीही पट्टी दुसरीवर सरकताना दिसत नाही, तर सांधे ठीक आहेत. एक पाय आखूड आहे किंवा जोडताना चौकट पिळली गेली आहे. पायाखाली पातळ पाचरी सरकवून खुर्ची स्थिर करा, एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी टेकवून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ फिरवा आणि रेघेवर कापा. तुमचं काम इथेच झालं.

सांधा हलत असेल तर कानावर विश्वास ठेवू नका. आवाज लाकडातून फिरतो आणि डावीकडचा सांधा उजवीकडे वाजल्यासारखा वाटतो. कुणाला तरी खुर्चीत बसवा, सावकाश मागे टेकायला आणि पुढे यायला सांगा. तुम्ही प्रत्येक सांध्यावर बोट असं ठेवा की अर्धं एका तुकड्यावर, अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी हालचालही बोटाला कळते. खात्री करायची असेल तर सांध्यावरून आडवी पेन्सिलची बारीक रेघ मारा. टेकल्यावर रेघ तुटून दोन तुकडे वर-खाली दिसले की आजारी सांधा सापडला.

दिशाही पाहून ठेवा. खुर्ची मागे-पुढे हलत असेल तर मागचा पाय आणि बैठकीच्या बाजूची पट्टी यांचा सांधा तपासा. डावी-उजवीकडे झुलत असेल तर समोरची किंवा मागची आडपट्टी. दहातल्या आठ-नऊ खुर्च्यांत दोष मागच्या पायाशीच निघतो असा माझा अंदाज आहे. त्याचं कारण पुढे हिशोबासकट येईल.

एक स्क्रू काढा आणि नीट बघा

आजारी सांध्यातला एक स्क्रू हाताने, पेचकसाने काढा. ड्रिलने नको, कारण काढताना किती जोर लागतो हीसुद्धा माहिती आहे.

सहज फिरतोय, पण बाहेर येत नाही आणि आल्यावर त्याच्या आट्यांत लाकडाचे केस अडकलेले दिसतात, तर भोकातली आटी फाटली आहे. तिथे तोच स्क्रू कितीही फिरवला तरी पकडणार नाही.

स्क्रू वाकलेला निघाला तर गोष्ट जास्त गंभीर आहे. स्क्रूचं काम दोन लाकडं एकमेकांवर दाबून धरण्याचं. तो वाकला म्हणजे लाकूड लाकडावर टेकत नव्हतं आणि सगळा भार एकट्या स्क्रूच्या अंगावर आडवा येत होता. इथे जाड स्क्रू घातला तर तो वाकणार नाही एवढंच, पण भोक लांबट होत जाईल.

स्क्रू काळा पडलाय, भोकाभोवती निळसर-काळी छटा आहे, तर ते टॅनिन (लाकडातला तुरट रस) आणि लोखंडाचं काम. सागवान, ओक अशा टॅनिन असलेल्या लाकडांत साधा लोखंडी स्क्रू ओला झाला की हा डाग पडतोच. डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातो (विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा), पण डाग ही गौण गोष्ट. गंजलेला स्क्रू आतून बारीक झालेला असतो आणि भोवतीचं लाकूडही ठिसूळ होतं.

आणखी एक खूण नवशिक्यांच्या खुर्चीत हमखास सापडते: वरच्या तुकड्यातल्या भोकालासुद्धा आटे पडलेले असतात. म्हणजे स्क्रू दोन्ही तुकड्यांत एकाच वेळी आटे धरून बसला होता. अशा स्क्रूने जोडताना दोन तुकड्यांत जेवढी फट राहिली, तेवढीच ती कायमची बांधली गेली. कितीही आवळा, फट बंद होणार नाही, कारण वरचा तुकडा खाली सरकायला मोकळाच नाही. नियम साधा आहे. वरच्या तुकड्यात स्क्रू मोकळा सरकेल एवढं भोक, खालच्या तुकड्यात स्क्रूच्या आट्यांमधल्या दांड्याएवढं किंवा किंचित लहान. मऊ लाकडात थोडं अजून लहान चालतं, कठीण लाकडात दांड्याएवढंच ठेवा.

शेवटी टॉर्चने भोकात पाहा. आत आडवे तंतू दिसतात की तंतूंची कापलेली टोकं? पट्टीच्या टोकात, म्हणजे तंतूंच्या दिशेने स्क्रू घुसवला असेल तर त्याची पकड कमजोर आणि बेभरवशाची असते. आटे तंतू आडवे न पकडता दोन तंतूंच्या मधून जातात. घरी केलेल्या खुर्चीत मागच्या पायातून बाजूच्या पट्टीच्या टोकात मारलेले दोन स्क्रू ही सर्वांत प्रचलित रचना आहे, आणि नेमकी तीच सर्वांत आधी सैल होते.

लाकूड फुगतं, लोखंड फुगत नाही

दरवर्षीच्या त्रासाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर आकार बदलतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत बदल नगण्य: ताज्या, हिरव्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत ०.१ ते ०.२ टक्के. रुंदीत मात्र बराच. वाढीची वलयं ज्या दिशेने वळतात त्या दिशेचं आकुंचन, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. सागवान या बाबतीत गुणी: हिरव्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयाच्या दिशेने पाच-सहा टक्के, गाभ्याच्या दिशेने अडीचच्या आसपास. पाईनच्या अनेक जाती यापेक्षा जास्त हलतात.

हाताशी ठेवायचा ठोकताळा असा: ओलावा ४ टक्क्यांनी बदलला की सपाट चिरलेल्या फळीची (जिची रुंदी वलयांच्या दिशेने पडते) रुंदी साधारण १ टक्का बदलते. बाहेरच्या खुर्चीचं लाकूड कोरड्या दिवसांत १० टक्क्यांवर आणि ओल्या दिवसांत १८ टक्क्यांवर जात असेल, तर १०० मिलिमीटर रुंद पट्टी २ मिलिमीटरने वाढते. १४० मिलिमीटरची फळी जवळजवळ ३ने. सागवानात याहून कमी, पण शून्य नाही.

आता या हलणाऱ्या लाकडाला स्क्रूने किंवा बोल्टने गच्च आवळलं. लाकूड ओलं झालं, फुगू पाहतंय, पण डोक्याखाली आणि नटाखाली जागा नाही. धातू ओलाव्याने वाढत नाही. मग लाकडाच्या पेशी चिरडतात. पुढे लाकूड सुकतं तेव्हा ते मूळ जाडीवर परतत नाही, चिरडलेल्या भागापुरतं आणखी पातळ होतं. तीच तुमची फट, तीच करकर. तुम्ही पुन्हा आवळता, म्हणजे नव्या पातळ जाडीवर गच्च करता, आणि पुढच्या ओल्या दिवसांत लाकडाचा आणखी एक थर चिरडला जातो. आवळणाऱ्याला वाटतं स्क्रू सैल झाला. स्क्रू जागच्या जागी असतो, लाकूड मागे सरकलेलं असतं.

यात दुसरी एक अडचण मिसळते. पायाचे तंतू उभे, बाजूच्या पट्टीचे आडवे. पाय उंचीत बदलत नाही, पट्टी मात्र उंचीत म्हणजे स्वतःच्या रुंदीत फुगते. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकेक स्क्रू मारून तिला पायाशी जखडलं, तर पट्टी दोन स्क्रूंच्या मध्ये ताणली-दाबली जाते. रुंद फळीत त्या दोन स्क्रूंच्या मधोमध लांब चीर दिसते ती याचमुळे. लोक तिला लाकडाचा दोष समजतात.

मागच्या सांध्यावर किती भार येतो

समजा बसलेला माणूस पाठीवर ३० किलोच्या भाराइतका रेलतो आणि तो भार बैठकीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर पडतो. पिळवटणारा भार झाला १,३५० किलो-सेंटिमीटर. दोन बाजूंना वाटला तर एकेका सांध्यावर ६७५. त्या सांध्यात दोन स्क्रू एकमेकांपासून ६ सेंटिमीटरवर असतील तर एकेका स्क्रूवर ११२ किलोच्या आसपास ओढ येते. तेच अंतर १२ सेंटिमीटर केलं तर ५६. माणूस धपकन बसला किंवा पुढचे दोन पाय उचलून झुलला तर आकडे कुठल्या कुठे जातात.

म्हणून जाड स्क्रूपेक्षा रुंद पट्टी आणि दूर ठेवलेले स्क्रू जास्त उपयोगी. ६० मिलिमीटरची नाजूक पट्टी दिसायला छान, पण तिथे कुठलाच सांधा फार वर्षं टिकत नाही. आणि पट्टी रुंद केली की वर सांगितलेली फुगण्याची अडचण वाढते, हेही खरं. त्यावर तोडगा असा: वरचं भोक नेमकं ठेवा, खालचं भोक उभं लांबट करा, वर-खाली मिळून दोन-तीन मिलिमीटर. बोल्ट आपल्या लांबीच्या दिशेने पकडून ठेवतोच, आणि पट्टीला उंचीत हलायला वाट मिळते. लांबट भोक पायात करायचं, पट्टीत नाही. पातळ गोल कानसीने दोन मिनिटांत होतं.

दुसरा मार्ग भारच वाटून घेण्याचा. खुर्चीचे हात समोरच्या पायाच्या डोक्यावरून येऊन पाठीच्या उभ्या पट्टीला भक्कम जोडलेले असतील तर पाठ, हात, समोरचा पाय आणि बैठक मिळून एक चौकट होते आणि खालच्या सांध्यावरचा ताण बराच उतरतो. ॲडिरॉन्डॅक म्हणून ओळखली जाणारी रुंद हातांची उतरती खुर्ची अशीच आहे. तिचं मूळ रूप १९०३ मध्ये थॉमस ली यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टपोर्टला केलं, पेटंट मात्र १९०५ मध्ये हॅरी बनेल यांच्या नावावर गेलं. तिच्या आरामशीर उताराचं कौतुक सगळे करतात. मला त्या रचनेत आवडतं ते हे की साध्या फळ्या आणि स्क्रू वापरूनही एकाच सांध्यावर सगळं ओझं पडत नाही. तुमच्या खुर्चीला हात नसतील आणि ती दरवर्षी सैल होत असेल, तर हात जोडणं ही दुरुस्तीच आहे.

आणि हो, कोपऱ्यातली ती एल पट्टी. पातळ पत्र्याची एल पट्टी तिच्या कोनात वाकते, आणि ती ज्या छोट्या स्क्रूंवर बसते ते सांध्याच्या अगदी जवळ असतात, म्हणजे अंतराचा फायदा शून्य. त्याऐवजी बैठकीखाली कोपऱ्यात तिरका लाकडी ठोकळा बसवा, ४५ अंशांत कापलेला, दोन्ही पट्ट्यांना स्क्रू केलेला. वरून दिसतही नाही.

सैल झालेला सांधा परत कसा बांधायचा

भोकात आगकाडी आणि गोंद घालून स्क्रू परत मारायची युक्ती घरातल्या कपाटाच्या बिजागरीला चालते. बाहेरच्या खुर्चीत ती एक ओला ऋतूही काढत नाही.

फाटलेलं भोक मोठं करून त्यात त्याच लाकडाची गोल खुंटी गोंदाने बसवणं हा बरा उपाय, पण त्यात एक मेख आहे. खुंटीचे तंतू खुंटीच्या लांबीने धावतात. खुंटी भोकाच्या दिशेने बसवली आणि तिच्यात स्क्रू मारला, तर स्क्रू पुन्हा तंतूंच्या टोकातच गेला. आधी पट्टीच्या बाजूला आडवी पकड होती, ती तुम्ही दुरुस्तीच्या नादात घालवली. अशा ठिकाणी खुंटीपेक्षा इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) बरा. भोक स्वच्छ करा, दोन-तीन मिलिमीटर मोठं करा, इपॉक्सीत बारीक लाकडी भुसा मिसळून भरा, पूर्ण कडक झाल्यावर नव्याने भोक पाडा.

पट्टीच्या टोकात गेलेल्या स्क्रूसाठी मात्र खुंटीच लागते, पण आडवी. पट्टीच्या टोकापासून साधारण ३० मिलिमीटर आत, खालच्या कडेतून वर १२ मिलिमीटर जाडीचं भोक पाडा, वरच्या कडेतून बाहेर न काढता. त्यात कठीण लाकडाची खुंटी पाणी सोसणाऱ्या गोंदाने बसवा. आता पायातून येणारा स्क्रू पट्टीच्या टोकातून जाऊन या खुंटीला आडवा छेदतो, आणि त्याला खुंटीच्या आडव्या तंतूंची पकड मिळते. भोक खालून असल्यामुळे त्यात पाणीही साचत नाही. रुंद पट्टीत दोन्ही स्क्रूंना पुरेल एवढी खोल खुंटी घ्या. स्क्रू खुंटीच्या मधोमध जायला हवा, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा.

याहून पक्का मार्ग म्हणजे बोल्ट आणि बॅरल नट. पट्टीत आडव्या भोकात धातूचा गोल नट बसतो, पायातून बोल्ट येऊन त्यात फिरतो. इथे लाकडाच्या आट्यांवर काही अवलंबून नाही, हवं तेव्हा खुर्ची सुटी करता येते. ६ मिलिमीटर बोल्ट पुरतो, ८ असेल तर विचारच नको. बोल्टच्या डोक्याखाली मोठा वॉशर घाला. दाब जितक्या जास्त क्षेत्रावर पसरेल तितकं लाकूड कमी चिरडेल, आणि वर पाहिलेल्या आजारावर हे सर्वांत स्वस्त औषध आहे. नट लॉकिंगचा मिळाला तर घ्या, म्हणजे तो हलका आवळलेला असला तरी सुटत नाही.

ज्यांना हाताने काम करायची हौस आहे त्यांनी पट्टीला कुसू (टोक कापून केलेली बारीक जीभ) काढून ते बसेल अशी पायात खाच घ्यावी. कुसवाचे खांदे पायावर टेकले की पिळवटणारा भार लाकूड-लाकूड सोसतं, धातूवर येत नाही. बाहेरच्या वापराला खाच आरपार घेऊ नका, आरपार टोक पाणी पितं. कुसवातून आडवी खुंटी ठोकली की गोंद सुटला तरी सांधा सुटत नाही.

गोंदाबद्दल थोडक्यात. साधा पांढरा सुताराचा गोंद ओलाव्याने मऊ पडतो. डब्यावर डी३ लिहिलेला अधूनमधून ओल लागणाऱ्या जागेसाठी, डी४ उघड्या हवेसाठी. पॉलियुरेथेन गोंद पाण्याला चांगला टिकतो, पण फुगून फट भरतो तो फेस असतो, त्यात ताकद नसते. सैल, फटीच्या सांध्यात इपॉक्सीच. सागवानासारखं तेलकट लाकूड चिकटवण्याच्या आधी लगेच थिनरने किंवा ॲसिटोनने पुसून घ्या. जुना गोंद राहिला असेल तर आधी तो पटाशीने खरवडून काढा. जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, आणि दुरुस्त केलेले अनेक सांधे केवळ एवढ्यामुळे पुन्हा सुटतात.

सांधा बरोबर आहे, तरी सैल होतोय

अशा वेळी दोष सांध्याबाहेर असतो. बैठकीच्या पट्ट्या पाहा. एकमेकींना चिकटून लावलेल्या आठ पट्ट्या, प्रत्येकी ९० मिलिमीटर रुंद, वरच्या ठोकताळ्याने ओल्या दिवसांत प्रत्येकी पावणेदोन-दोन मिलिमीटर वाढतात. एकूण १४ मिलिमीटरच्या पुढे. ही वाढ मागच्या पायांना मागे ढकलते. तुम्ही मागचा सांधा आवळत बसता आणि बैठक तो उचकटत बसते. सुक्या लाकडाच्या पट्ट्यांत ६ ते ८ मिलिमीटर फट सोडा, शेवटच्या पट्टीच्या आणि पायाच्या मध्येसुद्धा. आधीच चिकटून लावल्या असतील तर प्रत्येक पट्टीची एक कड रंध्याने उतरवा. सगळी खुर्ची सोडवण्यापेक्षा ते सोपं.

मग पायांची टोकं. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे उघड्या नळ्यांची मोळी. सपाट बाजूच्या मानाने ते कितीतरी वेगाने पाणी ओढतं. साचलेल्या पाण्यात किंवा मातीत उभा पाय खालून ओलावा वर घेत राहतो, आणि खालचा आडवा सांधा जमिनीच्या जितका जवळ तितका तो जास्त भिजतो. खुर्ची उलटी करून, पाय पूर्ण सुकल्यावर, टोकांवर पातळ इपॉक्सी लावा. शोषून घेईल, पुन्हा लावा, पिणं थांबेपर्यंत. त्याखाली पाच-सहा मिलिमीटर जाडीचं कठीण प्लास्टिकचं पाऊल ठोका, म्हणजे टोक पाण्याच्या वर राहील.

तिसरं कारण खुर्ची बनवतानाचं असतं. नवी फळी ओली होती. विशेषतः दाबाखाली रसायन भरलेलं, हिरवट छटेचं लाकूड अनेकदा ओलंच विकलं जातं. त्याची खुर्ची केली की पहिल्याच कोरड्या ऋतूत सगळे सांधे एकदम सैल होतात. हा प्रकार एकदाच होतो, सुकल्यावर नीट जोडलं की पुन्हा होत नाही. पुढच्या वेळी फळ्या सावलीत, मध्ये बारीक रिपा ठेवून, हवा खेळेल अशा रचा. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर एक तुकडा वजनकाट्यावर ठेवून दर आठवड्याला वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या हवेशी जुळलं. यंत्र असेल तर बाहेरच्या वापरासाठी १२ ते १५ टक्के ठीक.

या प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबं असतं आणि ते साध्या किंवा पातळ झिंक मुलाम्याच्या स्क्रूला वेगाने खातं. तिथे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्क्रूच वापरा. समुद्राजवळ स्टेनलेसमध्येही ३०४ प्रतीपेक्षा ३१६ प्रतीचा बरा. स्टेनलेस स्क्रू कडक लोखंडी स्क्रूपेक्षा मऊ असतो, कठीण लाकडात डोकं तुटून हातात येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा, मग स्टेनलेसवर मेण चोळून तो फिरवा. स्टेनलेसचे नट-बोल्टही कोरडे फिरवले तर आट्यांत जाम होतात. मेण किंवा ग्रीस तिथेही लावा. या लाकडाची धूळ नाकात जाऊ देऊ नका आणि उरलेले तुकडे जाळू नका.

वॉर्निशबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जाड थर फळीवर छान दिसतो, पण सांध्यावर लाकूड हलतं तिथे तो तडकतो, तडकलेल्या जागेतून पाणी आत जातं आणि उरलेला थर ते बाहेर पडू देत नाही. तेल दरवर्षी लावावं लागतं, पण ते तडकत नाही. काहीही लावा, पण जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याला सगळीकडून लावा, फक्त गोंदाची जागा सोडून. जवसाच्या तेलात भिजलेले कापडाचे बोळे चुरगळून ठेवले तर आपोआप तापून पेटू शकतात. ते पसरून, उघड्यावर वाळवून मगच टाका.

दुरुस्ती सोडून तुकडा बदलायचा कधी

बारीक पेचकस सांध्याजवळ लाकडात टोचा. टोक दोन-तीन मिलिमीटर आत सहज गेलं, उचकटल्यावर लांब चिरफळी निघण्याऐवजी लाकूड तुकड्या-तुकड्यांनी मोडलं, तर ते कुजलंय. कुजवणारी बुरशी २० टक्क्यांखालच्या ओलाव्यात वाढत नाही, म्हणजे तो सांधा दीर्घकाळ ओला राहिला आहे. कुजलेल्या लाकडात खुंटी, इपॉक्सी, बॅरल नट काहीच टिकत नाही. तो पाय किंवा पट्टी पूर्ण बदला, नवा तुकडा आतल्या बाजूनेही तेल पाजून बसवा, आणि त्या जागी पाणी का थांबत होतं ते शोधा. बहुधा वरून सपाट असलेली आडपट्टी सापडेल. तिची वरची कड रंध्याने किंचित उतरती केली की पाणी ओघळून जातं.

दुरुस्तीनंतर बोल्ट कोरड्या दिवसांत आवळा, तेही सांधा बंद होऊन वॉशर लाकडावर नीट बसेपर्यंतच. वॉशर लाकडात रुतायला लागला म्हणजे जास्त झालं. ओल्या दिवसांत लाकूड फुगलेलं असताना काही सैल वाटलंच तर ते आजाराचं लक्षण आहे, तिथे पाना न लावता सांधा उघडून बघा. पेन्सिलच्या रेघा पुसू नका, एक ओला आणि एक कोरडा ऋतू जाईपर्यंत त्या राहू द्या. खुर्ची झाकून ठेवत असाल तर आवरण जमिनीपर्यंत नेऊ नका, खाली वीतभर मोकळं सोडा. प्लास्टिकने घट्ट गुंडाळलेली खुर्ची बाहेर उघड्यावर ठेवलेल्या खुर्चीपेक्षा जास्त काळ ओली राहते.